एका दमात वीस

नव्या विषाणूचा स्वभाव जगाला कळला तो एका माणसामुळे, आणि इतिहासाला त्याची नोंद घ्यावीच लागेल. इतिहास सध्या दुसऱ्या कामात असावा. तोवर हा माणूस आरोग्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक पाय आखूड असलेल्या टेबलाशी बसून फोन लावत होता.

"ताप किती दिवस? घसा? बरं, काळजी घ्या." फोन खाली, फॉर्म बाजूला, पुढचा.

हा कारकून. निवृत्तीला दोन वर्षं. नव्या प्रकाराची बाधा झालेल्यांना लक्षणं विचारायची आणि आजार सौम्य, मध्यम की गंभीर ते लिहायचं, हे त्याचं काम. बाकीच्यांचे दिवसाला पंचवीस फॉर्म व्हायचे, याचे चाळीस. गुपित सातव्या रकान्यात होतं. तिथे रुग्णाला एका दमात वीसपर्यंत मोजायला लावायचं आणि गाडी जिथे अडेल तो आकडा टाकायचा. आता, चांगल्या कर्त्यासवरत्या माणसांना बालवाडीसारखे आकडे म्हणायला लावणं कारकुनाला प्रशस्त वाटेना. तो परस्पर वीस लिहून मोकळा व्हायचा. वीस म्हणजे सौम्य, आणि सौम्य माणसाला पुन्हा फोन जात नसे. "या वेळचा विषाणू मवाळ दिसतोय," असं साहेब त्याच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, तेव्हा विषाणूला आपणच वळण लावल्यासारखा तो लाजला होता.

मंगळवारी यादीत थोरल्या बहिणीचं नाव निघालं. गणिताची निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी.

"ताई, तू? कळवलं नाहीस ते!"

"सर्दी... तर आहे. त्यात... काय कळवायचं."

"आधी तो टीव्ही बंद कर. बोलता बोलता थांबतेस."

"टीव्ही... लावलेलाच नाही." मग जरा वेळाने, "आज... किती झाले रे तुझे?"

"तू एकोणचाळिसावी."

"मग... चाळीस कर. ठेव."

त्याने ठेवला. सातव्या रकान्यात वीस लिहिले आणि चाळिसावा फोन लावला.

शुक्रवारी शेजारणीने ताईला रुग्णालयात आणलं. कारकून धावत पोचला तेव्हा घाईत न घातलेले मोजे त्याच्या खिशातून लोंबत होते, एकाला भोक. तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि केसपेपरला त्याचाच फॉर्म टाचलेला होता. नर्सबाई तो वाचत होत्या.

"मंगळवारी एका दमात वीस मोजले म्हणे यांनी! आज जिना उतरवायला चार माणसं लागली. कुठल्या गाढवाने भरलाय हा?"

"असेल कुणीतरी," कारकून म्हणाला. "हल्ली तात्पुरती माणसं घेतात."

ताईने डोळे उघडले. शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. रागावली असती तर बरं झालं असतं. फॉर्मवर खाली त्याची सही होती, लपेटीदार आणि स्वच्छ वाचता येणारी. ती लपेट त्याने तरुणपणी हौसेने कमावली होती.

नर्सबाई दाराशी पोचल्या तेव्हा त्याने मागून हाक मारली.

"बाई, ते गाढव मीच."

नर्सबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग परत येऊन एक कोरा फॉर्म त्याच्या हातात ठेवला. "आता तरी नीट भरा."

तो स्टुलावर बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने सातवा रकाना वाचून दाखवला. "ताई, एका दमात मोज. होईल तेवढं."

मास्कमध्ये वाफ धरली. "एक, दोन, तीन, चार, पाच..." सहा ओठांवर आला, पण त्याला आवाज फुटला नाही.

"सहा धरू?" सवयीने त्याच्या तोंडून गेलं.

ताईने मान हलवली आणि हाताची पाच बोटं वर केली.

त्याने पाच लिहिले. खाली गंभीर लिहिलं. हा शब्द लिहायची सवय नसल्याने अक्षर वाकडं आलं. कार्यालयाच्या कपाटात अकराशे फॉर्म होते, आणि प्रत्येकावर वीस.

"ताई," तो फॉर्म मांडीवर ठेवत म्हणाला, "मला सगळ्यांना पुन्हा फोन करायचेत. पण आधी तुझ्यापाशी बोलायचंय. त्या दिवशी मला तुझा आवाज ऐकू येत होता. मी..."

ताईने मास्क जरासा उचलला आणि लहानपणी शाळेच्या घाईत सांगायची तसंच सांगितलं.

"ते... नंतर. आधी पायात... मोजे घाल. भोकाचा... डाव्या पायात."