नेव्हचा खोटा निरोप

नेव्ह ओलर्टनचं पंचावन्न वर्षांत एकच गाणं गाजलं, आणि तेही त्याच्या गळ्यामुळे नव्हे. गाण्याच्या मध्यावर तो चाळीस सेकंद गिटार वाजवायचा. त्या चाळीस सेकंदांवर घर उभं राहिलं, दोन मुली शिकल्या, एक लग्न मोडलं आणि दुसरं टिकलं.

आता डाव्या हाताची अनामिका आखडली होती. गुरुवारी शस्त्रक्रिया. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बोट सरळ होईल. तारांवर पूर्वीसारखं धावेल, हे मात्र मी सांगणार नाही." म्हणजे इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या क्लीथॉर्प्स गावातला हा मंगळवारचा दुपारचा कार्यक्रम शेवटचा. बोटाची ही हकिगत नेव्हने स्टेजवरून सगळ्यांना ऐकवलीही होती, थोडं मीठमसाला लावून.

गाणं अर्थातच राखून ठेवलेलं. रॉकवाल्यांचा हा जुना रिवाज. "गुड नाईट" म्हणून आत जायचं, लोकांनी टाळ्या पिटून बोलवायचं, मग उपकार केल्यासारखं बाहेर येऊन ते गाणं वाजवायचं. नव्या नवरीच्या उखाण्यासारखंच. घ्यायचा तर असतोच, पण आग्रह हवा.

"आज निरोपाचं नाटक नको," ड्रमवाला गॉर्डन पास्क कुजबुजला. "तेरा पायऱ्या आहेत. माझे दोन्ही गुडघे विकतचे. मी इथंच बसतो, तुम्ही जाऊन या."

"तू बसून राहिलास तर लोकांना कळेल ना, आपण परत येणार ते!"

"अरे गाढवा, पन्नास वर्षं माहितीये त्यांना!"

"माहीत असू दे. दिसायला नको. ऊठ."

नेव्ह ओरडला, "क्लीथॉर्प्स, गुड नाईट!" बाहेर लख्ख ऊन होतं. पायऱ्या उतरायला चार मिनिटं गेली. खाली आलोच आहोत तर, म्हणून गॉर्डन बाथरूमला जाऊन आला.

"टाळ्या थांबल्या रे," नेव्ह म्हणाला.

"म्हातारी माणसं. हात दुखले असतील."

नेव्ह धापा टाकत वर आला, तर सभागृहात फक्त झाडूवाली. आणि पहिल्या रांगेत त्याची बायको ग्लेनिस, मांडीवर पर्स घेऊन.

"कुठं गेले सगळे?"

"बसकडे. पाचला सुटते. तू गुड नाईट म्हणालास, त्यांनी ऐकलं."

"पण गाणं! कुणी वन्समोरसुद्धा दिला नाही?"

"एकाने द्यायला तोंड उघडलं होतं. बाजूच्या बाईंनी त्याला दटावलं. म्हणाल्या, बिचाऱ्याचं बोट दुखतंय, मागणं बरं दिसत नाही. मग सगळे पाय न वाजवता गेले."

नेव्ह गिटार गळ्यात घेऊन तसाच धावला. गॉर्डन तेव्हा अकराव्या पायरीवर होता.

बसचं इंजिन सुरू झालेलं. नेव्ह आत चढला, तळलेल्या मासे-बटाट्यांच्या आणि व्हिनेगरच्या वासात उभा राहिला आणि वाजवू लागला. विजेशिवाय ती गिटार म्हणजे डबीतला डास.

"अहो, काही ऐकू येत नाही!" मागून एक आजोबा.

"तुम्हाला कधी येतं?" त्यांची बायको.

मागोमाग आलेल्या ग्लेनिसने चालकाचा माइक उचलला, थांबे सांगायचा तो, आणि तारांशी धरला. छतातून गिटार खरखरत बाहेर पडली. फ्लास्कची झाकणं हातातच राहिली. तीस सेकंद झाले, पस्तीस झाले, आणि शेवटच्या उंच सुराला बोट अडकलं. सूर आलाच नाही.

तो बसमधल्यांनी लावला. चाळीस म्हातारे गळे, निम्मे बेसूर, पण नेमक्या जागी.

दटावणाऱ्या बाई पहिल्याच सीटवर होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "दुखलं ना? म्हणूनच आम्ही मागितलं नाही हो."

"दुखलं," नेव्ह म्हणाला. त्याने बोट चोळलं, पँटला पुसलं. "पिशवी जरा सरकवा बाई, कोपर लागतंय. आणि आता मागा."

त्यांनी मागितलं. चालकाने इंजिन बंद केलं.