मधला पाट

“उठा. त्यो आईचा पाट हाय.”

नळावरून दोन हंडे आणून मी नुकती कुठं टेकले होते. खोलीपुढच्या ओट्यावर अंबू आणि भैरूनं आगगाडी मांडली होती. एका बाजूला अंबूचं गोणपाट, दुसऱ्या बाजूला भैरूचं, आणि मध्ये घरातला एकुलता एक पाट. मागं पालथी बादली, ती त्यांच्या बापाची. पाट मोकळा दिसला म्हणून मी बसले, तर भैरूनं उठवलं.

“आई कुठाय आत्ता? तवर मी बसते की,” मी हसत म्हणाले.

“मग गाडी सुटत न्हाई,” चार वर्षांचा भैरू म्हणाला. त्यात राग नव्हता. नियम सांगावा तसं सांगितलं त्यानं.

मी उठले. कंबर दुखत होती, पण पोरांच्या गाडीचा खोळंबा कोण करणार.

मी कस्तुरा. माहेर कुरुळीचं. मूल होत नाही म्हणून पहिल्या घरानं मला बोचक्यासकट माहेरी आणून सोडलं. भावांच्या संसारात भाकरी थापत दिवस काढत होते, तेव्हा जयसिंगचं स्थळ आलं. भोसरीत कंपनीत प्रेस मशीनवर कामाला, बायको वारलेली, पदरात दोन लेकरं. त्याच्या आईनं माझ्या तोंडावर सांगितलं, “आम्हाला पोर न होणारीच पायजे. स्वतःचं आलं की ह्यांचे हाल.” आजवर ज्या दोषापायी लाथा खाल्ल्या, तोच गुण ठरला. मला राग नाही आला. उलट वाटलं, दोन लेकरं आयती मिळतायत, कधीतरी एखादं आई म्हणेल. खोटं कशाला बोलू, त्या एका हाकेच्या आशेवर मी पिंपरीच्या चाळीत आले.

आले, पण हाक काही आली नाही. पोरं वाईट नव्हती. दिलेलं खायची, सांगितलेलं ऐकायची, अहो-जाहो करायची. शेजारच्या सुमनताई येता-जाता म्हणायच्या, “अरे, आई म्हणावं तिला. जीभ झिजते का?” की दोघांच्या तोंडाला कुलूप. अंबू सात वर्षांची, ती माझ्याशी बोलायची वेळच येऊ द्यायची नाही. भैरूला काही हवं असलं की तो येऊन माझा पदर ओढायचा. एकदा ओढला की तहान, दोनदा ओढला की भूक. मला कळायचं. पण म्हैससुद्धा नावानं हाक मारली की मान वळवते, आणि मी आपली पदर ओढला की वळायची.

त्या आगगाडीचं असं, की पोरांची आई गिरजा कावीळ होऊन गेली त्याच्या आधी तिनं पोरांना घेऊन पुण्याच्या बागेत जायचा बेत केला होता. बागेत हत्ती होता, तळं होतं आणि पोरांना बसायची रंगीत झुकझुक गाडी होती. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. बाप्ये कुरकुरायचे, की सुट्टी नेमकी दत्ताच्या वारी, मटणसुद्धा आणता येत नाही. पण गिरजाला तो वार आवडायचा. गुरुवारी बागेत गर्दी नसते, अंबूची एका दिवसाची शाळा बुडली तर बुडली, आपण निवांत जाऊ. निवांत हा तिचा आवडता शब्द. जन्म सगळा कंपनीच्या भोंग्यावर उठण्यात आणि भोंग्यावर निजण्यात चाललेला, तेव्हा एक दिवस कुणी कुणाला चल चल म्हणायचं नाही. आधी हत्ती, पोट भरेपर्यंत बघायचा. मग तळ्याकाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मग गाडी. गाडीत आई मध्ये, दोन अंगांना दोघं, बाप मागं. आणि शेवटी बोगदा. बोगद्यात अंधार गुडुप होतो. तिथं ज्याला हाक मारावी ते माणूस ओ देतं.

हे सगळं ती रोज भरवताना सांगायची, म्हणून पोरांना ते पाढ्यासारखं पाठ होतं. बेत ठरला की जयसिंगला ओव्हरटाइम लागायचा. पुढच्या गुरुवारी जाऊ, पुढच्या गुरुवारी, असं करता करता ती अंथरुणाला खिळली आणि गेली.

मी आल्यावरही तेच. पोरं बुधवारी संध्याकाळी बापाच्या तोंडाकडं बघत बसायची आणि तो म्हणायचा, “उद्या कामावर जायचंय.” मला ते बघवेना. एका गुरुवारी तो ओट्यावर सायकल उलटी करून चेन बसवत होता, तेव्हा मी विषय काढलाच.

“अहो, आज तर घरी आहात. सायकल काय पळून चाललीय? न्या की पोरांना.”

“बघू.”

“बघू बघू म्हणत वरीस गेलं. एक दिवस कंपनी तुमच्यावाचून बंद पडंल?”

तो चेन सोडून खाली बसला. हात काळे झालेले, तेच कपाळाला लावले.

“कस्तुरे, बोगदा न्हाई गं तिथं.”

मला आधी कळेना.

“गिरजा कधी गेलीच नव्हती त्या बागंत. सुमनताईनं हत्तीचं आन् गाडीचं सांगितलेलं, बाकीचं हिनं मनानं लावलं. ती गेल्यावर एका सुट्टीला मी एकटाच जाऊन आलो. हत्ती हाय, तळं हाय, गाडी हाय. बोगदा न्हाई.” थोडा वेळ तो चाकाची तार चाचपत राहिला. “लगीन झाल्यावर एकदाच आम्ही मुंबईला गेलतो, भावाकडं. घाटातल्या बोगद्यात सगळी पोरं वरडत हुती, हीबी वरडली. माझा हात धरून. त्योच बोगदा तिनं पोरांना दिला. आता नेऊन काय दावू? तुमची आई खोटं बोलत हुती म्हणून?”

म्हणजे गिरजा गेल्यापासून ओव्हरटाइम लागत नव्हता, हा मागून घेत होता.

तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. हेवा वाटला. मेलेल्या बाईचा हेवा करू नये म्हणतात, पण वाटला. माझा हात कुणी बोगद्यात धरला नव्हता. आणि असंही मनात येऊन गेलं, की कळू दे की पोरांना. त्या पाटावरून एकदा ती उठली, तर कदाचित मला बसायला मिळेल. एवढं मनात येतंय तोच भैरू आतून आला आणि त्यानं एकदा पदर ओढला. तहान. मी त्याला पाणी दिलं. तो घटाघटा प्याला आणि ओल्या तोंडानं माझ्याकडं बघत राहिला. आई एकदा गेली होती त्याची. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत कशाला जायला हवी?

“येत्या गुरुवारी जायचं,” मी जयसिंगला म्हणाले. “बोगद्याचं मी बघते.”

“तू काय बघणार?”

“तुम्ही फक्त शिट्टी वाजवा. गाडी वळणावर झाडीत शिरली की तोंडानं वाजवायची. जमंल ना तेवढं?”

गुरुवारी सकाळी मी दशम्या केल्या. मी मीठ-मिरचीची दशमी करते, गिरजा गुळाची करायची. अंबू चुलीशी उभी राहून बघत होती, म्हणून गुळाच्या केल्या. जयसिंगनं लग्नात घेतलेलं नायलॉनचं पातळ मी काढलं आणि परत ट्रंकेत ठेवलं. माझं जुनं काळं इरकली लुगडं नेसले, जाडजूड, नऊवारी. ऊन असं तापलेलं, की सुमनताईंनी दारातून विचारलं, “अगं, बागेत चाललीस का शेतावर?” मी म्हटलं, “सवय आहे.”

बसनं गेलो. कुणी कुणाला चल चल म्हटलं नाही. हत्तीपुढं भैरू इतका वेळ उभा राहिला, की माहुतानंच विचारलं, “घेऊन जातो का घरी?” हत्तीनं त्याच्या डोक्यावर सोंड टेकवली. भैरूनं बहिणीकडं बघितलं आणि अंबूनं मान हलवली. आई म्हणाली होती तसंच. तळ्याकाठी दशम्या खाल्ल्या. पाण्यात कमळं असतील असं गिरजानं सांगितलं होतं, तिथं नुसतं शेवाळ होतं. “कमळं उन्हाळ्यात झोपतात,” जयसिंग म्हणाला. पोरांनी ऐकून घेतलं. पण अंबू मग पाण्याकडं बघत बसली, दशमीचा शेवटचा तुकडा तिनं खाल्ला नाही.

गाडीचा डबा वरून उघडा होता. बाकं लहान, एकेका बाकावर तीन पोरं मावतील एवढी. अंबू एका टोकाला बसली, भैरू दुसऱ्या टोकाला, मध्ये जागा मोकळी. मी मागच्या बाकावर जयसिंगजवळ बसले.

“ए मुली, सरक मध्ये. दुसरं लेकरू बसंल की तिथं,” गाडीवाला म्हणाला.

“तिथं माणूस आहे,” मी म्हणाले.

गाडीवाल्यानं मोकळ्या जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. देव त्याचं भलं करो.

गाडी सुटली. भैरू हातानं डबा थोपटत होता. तळं गेलं, हत्ती गेला, माणसं हात हलवत होती. मग वळण आलं, झाडी आली. मी जयसिंगला कोपर मारलं. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि शिट्टी वाजवली. ती मध्येच फाटली, पण वाजली.

“बोगदा आला,” मी म्हणाले आणि पदर सोडला.

डोक्यावरचा, खांद्यावरचा, सगळा. दोन्ही हातांनी पुढच्या बाकावर पसरला, दोन डोकी आणि मधली मोकळी जागा, तिघांवरून. काळं इरकली, उजेड आत जाणार नाही. मागच्या डब्यातल्या दोन बायका एकमेकींना काहीतरी बोलून हसल्या. जन्मात कधी चारचौघांत माझ्या डोक्यावरून पदर ढळला नव्हता, आणि आता मी नुसत्या चोळीनिशी उघड्या गाडीत हात पसरून बसले होते. “अगं, लोकं बघत्यात,” जयसिंग पुटपुटला. बघू देत. लाज वाटत होती, पण हात खाली घेणार नव्हते.

आतून भैरूचा आवाज आला.

“आई!”

अंधाराची सोय मी केली होती. ओ द्यायची केली नव्हती. खरंच, ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. जयसिंगनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते, त्याच्याकडून काही व्हायचं नव्हतं.

“आई,” भैरूनं परत हाक मारली. ह्या वेळी हळू. नाही आली तरी चालेल, अशी.

मी मान वळवून झाडीकडं तोंड केलं. आमच्या कुरुळीत एका शिवारातून दुसऱ्या शिवारात बायका साद देतात, लांबवर जाईल पण दुखणार नाही, तशी. तसा आवाज लावून म्हटलं, “ओ…”

ह्या एका हाकेला ओ द्यायला मी सगळी उमर वाट बघितली होती. आणि दिली ती दुसरीच्या नावानं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. हात गुंतलेले, पुसणार कशानं?

“तायडे,” पदराखालून भैरू म्हणाला, “आईनं ओ दिली.”

अंबू सात वर्षांची होती, तिला बोगदा कळत होता आणि पदरही कळत होता. आता ही पदर फेकून देते आणि सांगते, असं मला वाटलं. वाऱ्यानं तिच्या बाजूचा काठ उडाला, आत उजेडाची फट पडली. तेवढ्यात आतून एक लहान हात आला. त्यानं तो काठ मुठीत पकडला आणि खाली ओढून घट्ट धरला.

“व्हय,” अंबू म्हणाली. “मीबी ऐकली.”

झाडी संपली, गाडी थांबली, तरी तिनं मूठ सोडली नव्हती. मग सोडली. मी पदर घेतला. ती माझ्याकडं न बघता भैरूचा हात धरून उतरली.

घरी आल्यावर भैरूनं साऱ्या चाळीला सांगितलं, की बोगद्यात आईनं ओ दिली. सुमनताईंनी माझ्याकडं बघितलं. मी दशम्यांचा डबा घासत होते. मग भैरू आला आणि त्यानं माझा पदर दोनदा ओढला. भूक. मी त्याला भात वाढला.

संध्याकाळी लुगडं बदललं. पदराच्या काठाला एका जागी मुठीएवढी चुणी पडली होती, घामानं बसलेली. लुगडं झटकून दांडीवर टाकायची माझी रीत. त्या दिवशी झटकलं नाही. तशीच घडी घालून ट्रंकेत ठेवलं.