रिंग आणि मी, एकाच फळीवर

बातमी आली त्या सकाळी मावशींनी नेहमीसारखा हॉल पुसला, शिपायाने टेबल मांडलं आणि माझे लाल आकडे उजळले.

मी बास्केटच्या फळीवर, जाळीच्या पेटीत स्क्रूंनी आवळलेलं घड्याळ. चेंडू हाती आला की चोवीस सेकंदांत तो बास्केटकडे टाकावा लागतो. ते सेकंद मी उलटे मोजतो. पण मोजणंही माझ्या हातात नाही. माझी वायर टेबलापर्यंत जाते, आणि तिथल्या बटणावर वर्षानुवर्षं एका म्हाताऱ्याचं बोट असायचं.

त्यांची मुलगी पंच. चेंडू रिंगला लागला तर मला नवा वेळ द्यायचा. नुसताच हुकला तर उरलेलाच चालू ठेवायचा. नवा वेळ द्या म्हणून तिने हवेत बोट फिरवलं की ते बटण दाबत. मैदानात ती त्यांना ‘टेबल’ म्हणे, ते तिला ‘शिट्टीबाई’.

आदल्या सामन्यात त्यांनी तिच्या खुणेआधीच बटण दाबलं. शिट्टी वाजली.

“टेबल, रिंगला लागला नाही. जुना वेळ लावा.”

“लागला. मी पाहिलं.”

“बाबा, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. लावा म्हणते ना!”

हॉल हसला. त्यांनी मुकाट्याने जुना आकडा लावला. सामना संपल्यावर एवढंच म्हणाले, “शिट्टीबाई, उद्यापासून दुसरं कुणी बघ बटणावर.”

चेंडू लागला होता. अगदी निसटता; पण ती थरथर फळीतून माझ्या स्क्रूंपर्यंत पोचली होती. मला आकडे आणि शून्यावरचा भोंगा यांखेरीज बोली नाही, आणि तीही दुसऱ्याच्या बोटाने.

म्हणून बातमीच्या दिवशी टेबलाशी नवखा बसला होता. खेळ ऐन रंगात असताना शिपाई थेट मैदानात शिरला आणि तिच्या कानाशी वाकला. तिच्या ओठांतली शिट्टी गळून पडली.

“असं कसं? सकाळी तर पेपर वाचत होते. रुसून, पण वाचत होते.”

नवख्याने घाबरून बटण दाबलं. मी नऊवर थांबलो.

वडिलांचं सगळं दिवसकार्य आटोपल्यावर ती एकटी हॉलमध्ये आली. बाबांच्या खुर्चीत बसली, मला सुरू केलं आणि रिंगकडे बघत राहिली.

“लागला होता का हो, बाबा?”

माझे आकडे उतरत गेले. शून्यावर माझा भोंगा किंचाळला. तिने दचकून मला बंद केलं.

ती अजूनही पंच आहे. शंका आली की बोट फिरवण्याआधी क्षणभर वर बघते. मी उरलेले सेकंद दाखवतो.

त्यांचं बरोबर होतं, हे तिला सांगायचं राहिलं आहे.