चौथ्या माइकसमोरची कोमुगी

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. तोक्योतल्या एका अरुंद गल्लीत, तळघरातल्या स्टुडिओत, लोखंडी दांड्याला उलटी टांगलेली असते. इथली माणसं मला 'आजी' म्हणतात, म्हणून मीही आजीसारखीच बोलणार. कुणाला खटकलं तर त्याने खुशाल कान झाकावेत. मला ती सोय नाही.

मला डोळे नाहीत. अक्षर ओळखता येत नाही. पण समोरचा माणूस खरं बोलतोय की नुसता गळा फिरवतोय, हे मला पहिल्या शब्दात कळतं. उगाच नम्रपणा कशाला करू? कळतं म्हणजे कळतं.

एका छोट्या कारखान्यात बायकांनी मला हाताने जुळवलं. माझ्या पोटात एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहूनही नाजूक. तो बसवताना कुणी शिंकलं असतं तरी मी जन्मातच बिघडले असते. तिथून मी इथे आले आणि मग काय माझे दिवस होते! परदेशी सिनेमांना आवाज द्यायला मोठमोठे नट यायचे. माझ्यासमोर उभं राहण्यासाठी त्यांच्यात चढाओढ लागायची. "आजीसमोर आवाज जाड येतो हो," असं म्हणत एक म्हातारा नट मला रोज वाकून नमस्कार करायचा. मीही तो घ्यायचे. का घेऊ नये?

पुढे सडपातळ आणि म्हणे चकचकीत असे नवे माइक आले. मला मऊ कापडात गुंडाळून कोरड्या हवेच्या कपाटात ठेवलं. तिथे ओल नव्हती, धूळ नव्हती, तब्येत ठणठणीत राहिली. पण ऐकायला काहीच नाही! ज्याचा जन्म ऐकण्यासाठी, त्याला शांततेत कोंडून ठेवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. दाराची कडी वाजली की वाटायचं, मला न्यायला आले. ते दुसऱ्यालाच न्यायचे. जीव नुसता वरखाली व्हायचा.

एक दिवस मला बाहेर काढलं ते ओगिनो-सान यांनी ('सान' म्हणजे इथलं आदराचं 'जी'). आवाज भरून घेण्याचं काम त्यांचं. त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत लावलं. खोली कसली, उभं कपाटच ते! एक माणूस आणि मी, बस. काम होतं फोनवरच्या एका खेळाचं. ऐकून माझं तोंड कडू झालं. सिनेमे ऐकलेली मी, आता खेळणी ऐकू?

खेळाचं नाव होतं 'आवाजाचं अंगण'. त्यात सहा मुली असतात. सगळ्यांना आवाजाच्या नट्या व्हायचंय. फोन हातात धरणाऱ्याने त्यांना शिकवणीला पाठवायचं, परीक्षेला बसवायचं, दमल्या की झोपवायचं. बोटाने स्पर्श केला की मुलगी काहीतरी बोलते. त्यातली एक कोमुगी. सगळ्यांत कच्ची, सगळ्यांत धडपडी. तिला आवाज द्यायला आली ताकेगावा मिओरी, आणि ती स्वतःही तितकीच कच्ची होती. दिवसभर जेवणाच्या डब्यांच्या दुकानात काम करून यायची. पहिल्या दिवशी तिचे गुडघे एकमेकांवर आपटलेले मी ऐकले.

"आजीला घाबरू नका," ओगिनो-सान म्हणाले. "ती चावत नाही."

"पण ती सगळं ऐकतेय ना!" मिओरी म्हणाली.

मला ही पोर तिथेच आवडली.

या कामाची एक रीत असते, ती नीट ध्यानात घ्या. एक वाक्य बोलायचं आणि गप्प राहायचं. मग दुसरं बोलायचं, पुन्हा गप्प. वाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ शांतता हवी, कारण नंतर प्रत्येक वाक्य वेगळं कापून खेळात बसवतात. "शुभ सकाळ." गप्प. "आज मी हरले." गप्प. "माझ्यावर विश्वास ठेवाल ना?" गप्प. उत्तर द्यायला समोर कुणी नसतंच. बाकीच्या पाचजणी वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापलं बोलून जायच्या. फोनमध्ये सहाही जणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसायच्या. प्रत्यक्षात त्यांची एकमेकींशी ओळखही नव्हती.

वर्षं गेली. खेळ घरोघरी पोचला. मिओरीचे गुडघे आपटायचे थांबले, आवाजाला वळण आलं, रडणं-हसणं हुकमी झालं. मी मनात म्हणायचे, घडवली गं मी हिला. आणि मग बातमी आली की खेळावरून टीव्हीवर हलत्या चित्रांची, कार्टूनची मालिका निघणार.

आता तुम्हाला वाटेल, आनंदीआनंद झाला असेल. छे! तिथूनच माझ्या जिवाला घोर लागला. निर्मात्याला कोमुगीसाठी नावाजलेली मुलगी हवी होती. मालिकेतल्या आवाजांचा दिग्दर्शक कुरामोची हटून बसला, "फोनवाल्या लोकांना ओळखीचा आवाज नको का?" शेवटी असं ठरलं, की पहिल्या भागात मिओरीला जमलं तर कोमुगी तिची. नाही जमलं तर निशिकादो नावाच्या मुलीची. त्या निशिकादोला गर्दीतल्या किरकोळ आवाजांसाठी म्हणून त्याच दिवशी बोलावून ठेवलं. म्हणजे तलवार डोक्यावर टांगायची आणि वर तिला भिंतीजवळच्या बाकावर बसवायची! आवाज तोच राहावा म्हणून कुरामोचीने मलाही खाली तळघरात आणवलं. रांगेत चार माइक, आणि चौथी मी.

मालिकेच्या कामाची रीत अगदी उलटी. सगळे एकत्र येतात, समोरच्या टीव्हीवर चित्रं चालतात आणि त्यांच्या तोंडाबरोबर बोलायचं असतं. आपली पाळी आली की उठायचं, आवाज न करता मोकळ्या माइकशी जायचं, बोलायचं आणि लगेच बाजूला व्हायचं, कारण मागे दुसरा तयार असतो. कपडे सळसळणारे नकोत, कागद वाजता कामा नये. मिओरीला हे ऐकून ठाऊक होतं. करून ठाऊक नव्हतं. माझ्याशी आली, वाक्य बोलली, आणि तिथेच उभी राहिली. त्या कपाटासारख्या खोलीत तिला कधी कुणासाठी सरकावंच लागलं नव्हतं ना!

धप्पकन कुणीतरी तिच्या पाठीवर आदळलं. शिमोदाइरा-सान. जुन्या, नामांकित, जिभेने तिखट. मालिकेत शिकवणीच्या बाईंचा आवाज त्यांचा.

"अगं, हा काय तुझ्या न्हाणीघरातला आरसा आहे? झालं ना तोंड बघून? सरक!"

बाकावर खसखस पिकली. मिओरी "चुकलं, चुकलं" म्हणत इतकी वाकली, की तिचं कपाळ माझ्या दांड्यावर आपटलं. ठण्! माझ्या पडद्याला कळ आली. पण मी काही बोलले नाही. मला बोलता येत असतं तरी बोलले नसते.

खरी पंचाईत पुढेच होती. पहिल्या भागात कोमुगी पहिल्यांदाच परीक्षेला उभी राहते आणि एक वाक्य वाचते, "वादळ येतंय! सगळे किनाऱ्यावर या!" ते तिला अजिबात जमत नाही. बाई विचारतात, "कोणाला बोलावतेयस तू?" इतकाच प्रसंग. पण मिओरी आता तयार झालेली. तिने न जमण्याचं सोंग केलं. मधेच अडखळली, एक शब्द चिरकला, शेवट गिळला. सगळं कसं मोजूनमापून.

काचेपलीकडे दिग्दर्शकाची खोली; तिथून कुरामोचीचा आवाज आला, "ताकेगावा-सान, वाईट बोलणं तुम्ही फार छान करताय. मला छान नकोय."

"पुन्हा करते."

पुन्हा केलं. या वेळी सपाट, मेल्यासारखं.

"हे तर तुम्ही झोपलात."

"पुन्हा करते!"

पुन्हा, आणि आणखी एकदा. दर वेळी आवाज घट्ट होत चाललेला. मला ऐकवेना. अगं, गळा सोड, असं ओरडावंसं वाटत होतं. पण माइकचं नशीब असं, की जगाचं ऐकायचं आणि आपलं पोटात ठेवायचं. माझ्या आत सारखं काहीतरी तडतडत होतं. ओगिनो-सान पलीकडून म्हणालेही, "आजी आज कुरकुरतेय." कुरकुरणार नाही तर काय करणार?

थोडा वेळ काम थांबवलं. सगळे चहाला बाहेर गेले. मिओरी माझ्यासमोरून हलली नाही. शिमोदाइरा-सान घसा साफ करत तिथेच थांबल्या.

"निशिकादो बाहेर ते वाक्य पाठ करतेय," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलेलं बरं."

"ऐकलं मी."

"मग रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. नंतर घसा बसतो."

"मला रडू येत नाहीये. राग येतोय." मिओरीचा आवाज मला एकदम वेगळा लागला. "सगळे म्हणतात, वाईट बोल. पण कोमुगी कुठे वाईट बोलते, शिमोदाइरा-सान? ती सगळा जीव ओतून बोलते. तिने आयुष्यभर आपल्या खोलीत एकटीने सराव केलाय. समोर माणूस असतं, हेच तिला माहीत नाही."

"तुझ्यासारखं."

"हो. माझ्यासारखं."

"मग हे मला काय सांगतेस? मी दिग्दर्शक आहे का? त्याला दाखव."

सगळे परत आले. पावलं, खोकले, मग ती काम सुरू होण्याआधीची शांतता. मिओरी माझ्याशी आली. मोठा आवाज काढून, अगदी मनापासून, एकही शब्द न चुकवता ती म्हणाली, "वादळ येतंय! सगळे किनाऱ्यावर या!"

आणि गप्प झाली.

त्या कपाटासारख्या खोलीतलं ते गप्प राहणं, ते! वाक्य सुंदर होतं, पण त्यात कुणालाच बोलावलेलं नव्हतं. किनारा नाही, माणसं नाहीत. बोलून झालं होतं आणि ती आता नुसती वाक्य कापणाऱ्याची वाट बघत उभी होती. तळघरात इतकी माणसं असूनही तिच्याभोवती कुणीच नव्हतं.

ठरल्याप्रमाणे शिमोदाइरा-सान यांनी लगेच बोलायला हवं होतं. चित्रातल्या बाईंचं तोंड कधीच उघडून मिटलं असणार. पण त्या बोलल्या नाहीत. जुनं हाड आहे ते. त्यांनी ती शांतता तशीच राहू दिली. मग आधी प्रत्येक वेळी खडसावून म्हटलेलं वाक्य अगदी हळू विचारलं, "कोणाला बोलावतेयस तू?"

त्यांचा शेवटचा शब्द संपायच्या आतच मिओरी बोलली. तिच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या शब्दाला लागून, आणि कागदावर नसलेलं.

"माहीत नाही, बाई... कुणीतरी येईल असं वाटलं."

बोलताना तिचा आवाज फुटला, आणि या वेळी तो मोजलेला नव्हता. कुणी हललं नाही. मी सगळं सगळं धरून ठेवलं. माझ्या उमेदीच्या दिवसांतसुद्धा मी इतकं घट्ट काही धरलं नव्हतं.

आणि त्या पवित्र शांततेत मिओरीचं पोट गुरगुरलं.

हळू नव्हे. चांगलं लांबलचक, वळणं घेत. धास्तीने सकाळपासून पोर जेवलीच नव्हती. आमच्या धंद्यात याहून मोठी लाज नाही. मी पाऊल पकडते, तिथे पोट सोडेन होय? बाकावर आधी एक फुस्स झालं, मग सगळे फुटलेच. शिमोदाइरा-सान तर माझ्या दांड्याला धरून हसत होत्या. मिओरी कुजबुजली, "संपलं माझं."

माझा जीव टांगणीला. काचेपलीकडून निर्माता पुटपुटला, "पण चित्र तर पुढे निघून गेलं..."

"चित्रं अजून नुसत्या रेघांचीच आहेत ना?" कुरामोची म्हणाला. "कोमुगीला तेवढा वेळ गप्प उभी आणि मग बोलताना काढायला सांगतो. हेच घेतलं." मग त्याच कोरड्या सुरात तो म्हणाला, "ताकेगावा-सान, पुढच्या आठवड्यात जेवून या."

पुढच्या आठवड्यात!

मिओरीला ते कळायला दोन श्वास लागले. म्हणजे कोमुगी तिचीच! बाकावरून निशिकादोच आधी बोलली, "अभिनंदन." आवाज थोडा कापरा, पण खोटा नव्हता. तेही मी सांगते, कारण पोरीचं श्रेय पोरीला मिळालं पाहिजे. शिमोदाइरा-सान यांनी पिशवी उघडली, भाताचा एक गोळा मिओरीच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, "खा. आणि खाऊन झालं की सरक. माझी पाळी आहे."

मित्रांनो, तेव्हापासून मी पुन्हा कामात आहे, तरी चैन मात्र नाही. आठवडाभर वाटत राहतं, पोर येईल ना, जेवली असेल ना, कुणी मला पुन्हा कपाटात तर टाकणार नाही ना? म्हणून म्हातारीचं एक ऐका. कुठे माइक दिसला की त्याच्या तोंडात फुंकर मारू नका, डोक्यात टपल्या मारू नका. काम झालं की पुसून कोरड्या जागी ठेवा, आणि ठेवून विसरू नका. माझं वय झालंय, पण कान शाबूत आहेत. वापरा की मला! आणि एखादं माणूस बोलून गप्प झालं, तर त्या गप्पपणात आपली बडबड लगेच ओतू नका. जरा थांबा, त्याच्याकडे बघा, आणि मग त्याला विचारा.

बाहेरचं जाड दार लागलं. पुरे आता, गप्प बसा. मिओरी बोलतेय.