डॉक्टरचं अक्षर

“डोकं वर करू नकोस. चेंडू कुठं गेला ते नंतर. आधी मार,” असं म्हणत डॉक्टरने मागून लॅबवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बावीस वर्षांच्या ओळखीत हा हात पहिल्यांदाच खांद्यावर आला होता. त्याआधी तो फक्त डबा घेण्यापुरता पुढे यायचा.

लॅबवाल्याने स्टिक फिरवली. चेंडू सरळ निघाला, कापलेल्या गवतावर दोनदा उसळला आणि लांब पाटीपाशी जाऊन थांबला. शेजारी सराव करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं.

“बघ! मी काय म्हणत होतो? तुझ्या हातात गोल्फ आहे, मित्रा!”

मित्रा. लॅबवाला तो शब्द घरी घेऊन आला.

लॅबवाला म्हणजे दात करणारा. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा साचा घेतो, एक चिठ्ठी खरडतो, दोन्ही डब्यात घालून पाठवतो. लॅबवाला आपल्या दोन खोल्यांत बसून त्या साच्यावरून कॅपा, ब्रिज, कवळ्या घडवतो. रुग्ण आरशात हसतो आणि डॉक्टरचे आभार मानतो. दात घडवणाऱ्याला तोंड दिसत नाही आणि तोंडाला दात घडवणारा दिसत नाही. धंदाच तसा आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही. लॅबवाला रडतही नव्हता. त्याचं अर्ध्याहून जास्त काम या एका दवाखान्याचं होतं आणि डॉक्टरचं अक्षर लागणारा तो एकटाच माणूस होता. कंपाउंडरसुद्धा फोन करून विचारायचा, साहेबांनी काय लिहिलंय हो? चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘घा.’ असेल तर घाईचं. ‘सं.’ असेल तर सांभाळून, माणूस वजनदार आहे. आणि ‘ता.’ असेल तर तात्पुरता दात. चांगला मसाला वाया घालवायचा नाही, पॉलिशला वेळ द्यायचा नाही. खरा दात तयार होईपर्यंत फट दिसू नये, एवढ्यापुरता. काम झालं की डॉक्टर तो उपटून कचऱ्यात टाकतो.

“केवढ्याला पडतंय ते गोल्फ क्लबचं सभासदत्व?” बायकोने विचारलं. ती पॉलिशच्या चाकावर एक कवळी घासत होती. लॅबमधलं निम्मं काम तीच करायची.

त्याने आकडा सांगितला. तिने चाक बंद केलं.

“एवढ्यात नवी भट्टी येते.”

भट्टीचं खरं होतं. जुनी भट्टी मधूनच जास्त तापायची. गेल्या महिन्यात तीन कॅपा आतल्या आत तडकल्या होत्या.

“भट्टी पुढच्या वर्षी घेऊ गं.”

“आणि चेंडू पुढच्या वर्षी मारला तर तो काय तडकतो?”

“धंद्यासाठीच आहे हे. तिथं दहा-दहा डेंटिस्ट येतात. डॉक्टर म्हणाले, रविवारी आपण चौघं खेळू, एकेकाशी ओळख करून देतो.”

“घामाघूम झालेला डेंटिस्ट म्हणणार आहे होय, चला, खेळता खेळता एक कवळी सांगून टाकू?”

“तुला काही सांगायची सोय नाही.”

“मला सगळं सांगायची सोय आहे. तुम्हीच अर्धं सांगताय.” ती हात पुसत समोर येऊन बसली. “खरं बोला. तुम्हाला मैदान नकोय. तुम्हाला त्यांच्या शेजारी उभं राहायचंय.”

त्याने हातातला मेणाचा चाकू खाली ठेवला. चोपन्न वर्षांच्या माणसाला हे कबूल करायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याने घेतला.

“राहायचंय,” तो म्हणाला.

ती उठली. तिने पुन्हा चाक सुरू केलं आणि त्या आवाजात, त्याच्याकडे न बघता म्हणाली, “मग द्या चेक. पण कॅप तडकली की माझ्याकडे बघायचं नाही.”

तरी त्याने आठवडा घेतला. रोज गणित मांडायचा आणि रोज ते मोडायचा. एका सकाळी फरशी पुसायचं लांब दांड्याचं वायपर घेऊन तो लॅबमध्ये स्टिक फिरवायचा सराव करत होता, तेव्हा प्लास्टरचा डबा उडाला आणि नवरा-बायको दोघंही पांढरी झाली. बायको पोट धरून हसली. “तुमच्या हातात गोल्फ आहे, पण जाताना डोळे घरी विसरू नका,” म्हणाली. त्या हसण्याने त्याचं ठरलं. डॉक्टरला फोन केला. डॉक्टर म्हणाला, “शाबास! फॉर्म मी भरून क्लबात पाठवतो. तू फक्त जा, सही कर, चेक दे.”

दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून क्लबच्या कार्यालयात गेला. काउंटरवरच्या बाईने फॉर्म शोधला आणि तिचा चेहरा खुलला.

“अगबाई, तुम्ही दातवाल्या डॉक्टरांचे! या, या. झाले बाई सहा एकदाचे! रोज फोन यायचा, सहावा येतोय, सहावा येतोय.”

“सहावा म्हणजे?”

“त्यांनी आणलेले सहावे सभासद. सहा आणले की वर्षाची वर्गणी माफ. योजनाच आहे आमची. त्यांनी सांगितलं नाही?”

“आधीचे पाच कोण?”

तिने बोटांवर मोजलं. दवाखान्याच्या खुर्च्या दुरुस्त करणारा. औषधं पुरवणारा. एक्स-रेचं सामान देणारा. दवाखान्याच्या वह्या लिहिणारा. आणि त्या वह्या लिहिणाऱ्याचा मेहुणा.

“सगळी दातांचीच मंडळी! आम्ही गमतीनं म्हणतो, डॉक्टर बत्तीशी पुरी करूनच थांबणार.” ती मनापासून हसली. बाई वाईट नव्हती. “आणि काय हो, तुमच्याही हातात गोल्फ आहे ना?”

लॅबवाल्याने खिशातून काढलेलं पेन हातातच राहिलं.

“ते पाच जण येतात खेळायला?”

“आले एक-दोनदा. पुढं कोण येतंय! रविवारी तर जागाच नसते. डॉक्टरांचं चौघांचं टोळकं कैक वर्षांपासूनचं आहे, त्यात मुंगीला वाव नाही.” तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. “सही इथं. आणि तुम्हाला कळतं का बघा हो, हे कोपऱ्यात काय लिहिलंय? सहाही फॉर्मांवर आहे. मला वाटलं पेन चालतंय का बघितलं असेल.”

त्याने पाहिलं. फॉर्मच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे चिठ्ठीवर असतं तिथेच, निळ्या शाईत, बावीस वर्षांच्या ओळखीचं अक्षर होतं.

‘ता.’

डॉक्टरने मुद्दाम अपमान केला असता तर बरं झालं असतं. माणूस शत्रूला तरी मोजतो. हे मुद्दाम नव्हतं. हाताची सवय होती. जे पक्कं करायचं नाही, ज्याच्यावर चांगला मसाला घालायचा नाही, जे फट बुजेपर्यंत ठेवून मग उपटायचं, त्याच्या कोपऱ्यात डॉक्टरचा हात आपोआप हे अक्षर काढत होता. आणि जगात ते वाचता येणाऱ्या एकुलत्या एका माणसाच्या फॉर्मवरही त्याने ते काढलं होतं. वाचता येणारा तोच आहे, हेही डॉक्टरच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“लागलं का?” बाईने विचारलं.

“लागलं,” लॅबवाला म्हणाला. “हा फॉर्म मी नेतो.”

“अहो, पण सही? सहावे?”

“सहावा दुसरा कुणीतरी बघा म्हणावं.”

तो तसाच दवाखान्यात गेला. खुर्चीत एक आजी बसल्या होत्या. डॉक्टर त्यांच्या तोंडात नवी कवळी बसवत होता. परवाच लॅबवाल्याने पाठवलेली.

“टोचतंय,” आजी म्हणाल्या.

“सवय होईल, आजी. दोन दिवस कळ काढा.” डॉक्टरने वर पाहिलं. “अरे, ये ये! दिलास चेक?”

लॅबवाल्याने हत्यारांच्या ट्रेशेजारी फॉर्म पसरला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

डॉक्टरने चष्मा वर केला. “हे? काही नाही रे. असंच.”

“असंच नाही. रोज वाचतो मी हे.”

डॉक्टर हसला. त्या हसण्यात दिसणारे वरचे चार दात लॅबवाल्याने केलेले होते. रंग जुळेना म्हणून चारदा भट्टीत घातलेले. गावात हे दोघांनाच ठाऊक होतं. आता त्याच चार दातांतून शब्द बाहेर आले, “अरे, ते त्यांच्या कार्यालयासाठी. वर्षभर बघू, जमलं तर पक्कं करू, अशा अर्थानं.”

“त्या पाच जणांचंही?”

हसू जागेवर राहिलं, डोळे बदलले. “सगळेच करतात हे. तुझं काय गेलं त्यात? चेकसुद्धा दिला नाहीस अजून.”

काय गेलं? दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं.

“तुम्ही मला मित्रा म्हणालात,” तो म्हणाला, आणि बोलल्याबरोबर त्याचे कान तापले.

इंजेक्शनची सुई दिसायच्या आत रडणाऱ्या पोराकडे बघावं तसं डॉक्टरने त्याच्याकडे बघितलं. “मग? सगळ्यांनाच म्हणतो की मी.”

आजी तोंड उघडं ठेवून आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या.

“यापुढं चिठ्ठीवर पूर्ण शब्द लिहा,” लॅबवाला म्हणाला. “मला आता तुमचं अक्षर लागत नाही.”

“लॅबा खूप आहेत, लॅबवाले.”

“आहेत ना.”

या बोलण्याची किंमत काय, हे लॅबवाल्याला चांगलं ठाऊक होतं. उद्यापासून डबा येईल किंवा येणार नाही. आला तरी आधीसारखा येणार नाही.

“टोचतंय हो अजून,” आजी कंटाळून म्हणाल्या.

“म्हटलं ना, सवय होईल.”

“नाही होणार,” लॅबवाला म्हणाला. “द्या इकडं.”

डॉक्टर काही बोलायच्या आत तो डॉक्टरच्या स्टुलावर बसला होता. आजींनी कवळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ओली, कोमट. आपला दात तोंडातून बाहेर आलेला तो पहिल्यांदाच बघत होता.

“कुठं टोचतंय? बोटानं दाखवा.”

आजींनी डाव्या हिरडीवर बोट ठेवलं. त्याने पेन्सिलीने खूण केली, कानस घेतली, घासलं, अंगठा फिरवून बघितलं, पुन्हा घासलं. पाण्याखाली धरून परत दिली.

“आता चावा. हळू. अजून एकदा.”

आजींची जीभ ओठांच्या आत सगळीकडून फिरून आली. नव्या घरात शिरलेली बाई एकेक खोली उघडून बघते तशी.

“बसली,” त्या म्हणाल्या. मग डॉक्टरकडे वळल्या. “हे कोण?”

“लॅबचा माणूस आहे,” डॉक्टर म्हणाला. “सामान पोचवतो.”

आजींनी लॅबवाल्याचा हात धरला. नखांत पांढरं प्लास्टर होतं. त्या बराच वेळ ते बघत राहिल्या.

“हे दात तुम्ही केलेत?”

“हो.”

“मग यांनी काय केलं?”

आजींनी ते खरोखरच विचारलं होतं. टोमणा नव्हता. मग त्यांनी पर्स उघडली आणि पुन्हा लॅबवाल्यालाच विचारलं, “पैसे कुणाला द्यायचे?”

“डॉक्टरांना,” लॅबवाला म्हणाला. तो उठला. स्टुलावर कवळीची गुलाबी भुकटी सांडली होती, ती त्याने हाताने नीट झटकली, आणि स्टूल डॉक्टरकडे सरकवलं.