लीकच्या वाफ्याखालचा पाइप

आमचा संडास तुंबला तो गुरुवारी आणि लीकचं प्रदर्शन होतं शनिवारी. संडासाला माणसाची सोय कधी कळली आहे?

तुंबल्याचं दुःख मला होतं. माझ्या नवऱ्याला, कथबर्टला, नव्हतं. सप्टेंबर लागला की घरात काय चाललंय ते त्याला कळत नाही. तो मागच्या अंगणात वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसतो आणि लीककडे बघतो. लीक म्हणजे तशी साधी भाजी, पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. पण आमच्या गावची कोळशाची खाण बंद पडली तरी लीकचा नाद काही बंद पडला नाही. तान्ह्या बाळाच्या मांडीएवढे बुंधे वाढवायचे आणि क्लबात नेऊन पंचांकडून मोजून घ्यायचे. चांगली शहाणीसुरती माणसं वाफ्याची राखण करत रात्र जागवतात, कारण कोण कधी येऊन ब्लेड मारून जाईल याचा नेम नाही.

कथबर्ट सलग दोन वर्षं पहिला आला होता. तिसऱ्यांदा आला की चांदीचा कप कायमचा आमच्या घरी. पण खरं सांगायचं तर ते कपासाठी नव्हतंच. माझे सासरे गावातले नावाजलेले लीकवाले, आणि त्यांनी मरेपर्यंत पोराला एकच ऐकवलं, की तुझ्या हाताला यश नाही, तू लावशील ते मरेल. सासरे गेले तेव्हा कथबर्टची पन्नाशी उलटली होती, तरी ते वाक्य त्याच्या मानगुटीवरून उतरलं नव्हतं. तिसरा विजय म्हणजे त्या वाक्याचा कायमचा निकाल. हे त्यानं मला कधी बोलून दाखवलं नाही. इतका संसार झाल्यावर तशी गरज पडत नाही.

तर संडास. मी विमा कंपनीला फोन लावला. घरात अचानक नळ फुटला, गटार तुंबलं, तर त्यांनी माणूस पाठवायचा आणि दुरुस्ती करून द्यायची, असा तो विमा. मी दरवर्षी न चुकता हप्ता भरते आणि कथबर्ट दरवर्षी नाक मुरडतो. "अख्ख्या घराचे पाइप मी या हातांनी घातलेत. परक्याला कशाला पोसतेस?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात दुसरा संडास आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"आहे की," कथबर्ट दारातून म्हणाला. "अंगणातला. साखळी ओढली की अजून पाणी येतं म्हणावं."

एरवी दहा हाका मारल्या तरी या माणसाला ऐकू येत नाही.

"मग ही तातडीची अडचण धरता येणार नाही," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "दुसरा चालू असला की नियमात बसत नाही. अजून काही मदत करू का?"

काय मदत करणार होती ती, तिच्या कपाळाची? तो अंगणातला संडास माझ्या सासूच्या काळातला. भांड्यावर फळी, फळीवर पिंप आणि पिंपात काळी बिअर, मेंढीच्या लेंड्या आणि आणखी काय काय कालवलेलं कथबर्टचं गुप्त खत. दाराला कुलूप आणि किल्ली त्याच्या गळ्यात.

"तुला कुणी विचारलं होतं?" मी म्हणाले.

"खोटं कशाला बोलायचं?"

"बरं, मग पिंप काढ. मला जायचंय."

"शनिवारपर्यंत पिंप हलणार नाही," तो म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

मी शेजारणीकडे जाऊन आले. परत येते तर कपडे धुवायच्या यंत्रानं पाणी सोडलेलं आणि ते सगळं अंगणातल्या जाळीतून वर येऊन मागच्या दारापर्यंत पोचलेलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पाणी घरात शिरतंय म्हटल्यावर मुलीचा सूरच बदलला. आता अडचण तातडीची झाली होती. माणूस दुपारच्या आत येणार होता.

मग मी घर घासायला घेतलं. जिना पुसला, पडदे सारखे केले, तुंबलेला संडाससुद्धा बाहेरून लख्ख केला. परका माणूस येऊन आपलं गटार बघणार, त्यानं या घराला काही वळण नाही असं म्हणता कामा नये. भट्टीत स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे गोडसर पाव, टाकले. अंगण धुता धुता मी खुर्चीपाशी आले तेव्हा कथबर्टनं फक्त पाय वर उचलले.

आलेल्या माणसाचं नाव ग्लेन. "लाडके, चेंबर कुठाय?" त्यानं विचारलं. आमच्या भागात टपालवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे बाईला लाडकेच म्हणतात. नवऱ्यानं तेवढं सोडून दिलेलं असतं.

ग्लेननं झाकण उघडलं, लांब काठ्या घालून पाहिल्या. काठ्या वाफ्याच्या खालपर्यंत जाऊन अडत होत्या. मग त्यानं वायरीच्या टोकाला कॅमेरा लावून पाइपात सोडला आणि छोटा पडदा अंगणातल्या संडासाजवळच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. आम्ही तिघं चहाचे कप घेऊन बघत उभे राहिलो. अंधार, चिखल, आणि मग एकदम पांढराशुभ्र झुपका, पाइप गच्च भरून.

"मुळं आहेत," ग्लेन म्हणाला. "झाडाची."

"झाडाची कुठली," कथबर्ट पडद्याला नाक लावून म्हणाला. "लीकची आहेत. माझ्या लीकची. एडना, लांबी बघ नुसती. असली मुळं बापाच्याही लीकला नव्हती."

"असणारच," ग्लेन म्हणाला. "जोड सुटलाय ना इथे. सगळी घाण जमिनीत जिरतेय. दोन-तीन वर्षं तरी चाललं असेल हे. तुमच्या भाजीची मजाच झाली की."

तो चांगल्या मनानं बोलला होता. कथबर्ट पडद्यापासून मागे झाला आणि कप भिंतीवर ठेवला. दोन-तीन वर्षं. त्याला हिशेब कळला तेव्हाच मलाही कळला. इतकी वर्षं मी त्याच्या लीकला शिव्या दिल्या, पण त्या घडीला मला त्याचा चेहरा बघवेना.

ग्लेननं पेन काढलं. "हा पाइप कुणी घातला होता? कच्चं काम असेल तर विमा लागू होत नाही."

"आधीच्या मालकानं," मी म्हणाले.

"मी," कथबर्ट म्हणाला.

ग्लेननं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आणखी एक स्कोन उचलला. "पाइप जुना आहे, असं लिहितो," तो म्हणाला. "ते तर खरंय ना?"

जुना तर होताच. पुढचं त्यानं जरा जपून सांगितलं. वाफा खणावा लागेल. पाइपापर्यंत खणायचं आणि खड्डा बुजवायचं काम विम्यात बसतं, भाजीपाला बसत नाही. आणि आज नको म्हटलं तर 'ग्राहकानं नकार दिला' असं लिहून तो जाणार, मग पुढचं आमचं आम्ही बघायचं.

मला वाटलं, आता हा वाफ्यात आडवा पडणार. भांडायला मी पदर खोचून, म्हणजे ॲप्रनची गाठ आवळून, तयार होते. पण कथबर्टनं कुदळ आणली आणि गुडघे टेकून एकेक लीक स्वतःच्या हातानं मोकळा केला. पंचांपुढे मांडायचे तीन निवडले, ओल्या गोणपाटात गुंडाळून पत्र्याच्या टबात ठेवले. दोन दिवस आधी काढले की लीक आकसतात. तो ते जाणून होता आणि तरी कुरकुरला नाही. तेच मला जड गेलं.

ग्लेन नवा पाइप घालून, खड्डा बुजवून गेला. संडास वाहता झाला. संध्याकाळी बटाटे सोलताना मला सूप आठवलं.

प्रदर्शनाचा निकाल लागला की जिंकलेला माणूस आपला पहिला लीक चिरून क्लबातल्या मोठ्या पातेल्यात टाकतो. डुकराच्या हाडाचं, बार्ली घातलेलं सूप सगळ्या गावाला वाढतात. आणि पातेल्यापाशी मी असते.

"कथबर्ट, ते लीक मी शिजवणार नाही."

"उकळल्यावर काय राहतं त्यात?"

"मग काय उकळलंय ते तू सगळ्यांना सांग, मी शिजवते."

तो मग म्हणाला, "गेल्या वर्षी तूच म्हणालीस, इतकं गोड सूप कधी झालं नव्हतं."

"ते विसरायचा प्रयत्न चाललाय माझा."

"नेऊच नको का मग?" त्यानं विचारलं. "नाही नेले तर म्हणतील, याच्या हातात काही नव्हतंच. नेले तर..."

शनिवारी त्यानं कोट घातला आणि टब उचलला. मी ॲप्रन पिशवीत टाकून मागून निघाले.

आकसूनही ते लीक सगळ्यात मोठे भरले. दुसरा आला नॉरिस रॉबसन, जो कथबर्टशी कित्येक वर्षं नीट बोलत नव्हता. टाळ्या झाल्या, कप हातात आला, क्लबच्या चिटणिसानं सुरी पुढे केली. माझ्यासमोर पातेलं रटरटत होतं. कथबर्ट सुरी धरून उभा राहिला. तो इतका वेळ उभा राहिला की लोकांच्या टाळ्या थांबल्या.

"हे पातेल्यात जाणार नाहीत," तो म्हणाला. "यांच्याखाली आमच्या संडासाचा पाइप गळत होता. मला गुरुवारी कळलं."

म्हाताऱ्या ऑड्रीनं हळूच विचारलं, "गेल्या वर्षीही गळत होता?"

"हो."

"मी दोन वाडगे घेतले होते."

"तीन," तिची बहीण म्हणाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. विमा कंपनीची मुलगी. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? आठ, मी म्हणाले, आणि फोन ठेवला. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसायला लागले. कथबर्ट तेवढा हसला नाही. तो कप घेऊन नॉरिसच्या टेबलाशी गेला आणि त्याच्यापुढे ठेवला. "तुझा आहे. माझ्या हाताचं काही नव्हतं त्यात."

नॉरिसनं कपाकडे पाहिलं. "पाइप कुणी जोडला होता?"

"मी."

"वाईट जोडला म्हणून गळला?"

"हो."

"इतका वाईट दुसऱ्या कुणाला जमला असता?"

कथबर्टनं विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "नाही," तो म्हणाला.

"मग हात तुझाच. उचल तो कप. संडासाकडून हरून वर बक्षीस घेतलं, असं मला गावात म्हणवून घ्यायचं नाही."

चिटणिसानंही नियम सांगितला, की खत कुठलंही चालतं. सूप नॉरिसच्या लीकचं झालं. फारसं कुणी घेतलं नाही, बिअर मात्र पुष्कळ खपली.

कप आमच्याकडे आला. कथबर्टनं तो कपाटावर ठेवला आणि हिवाळाभर त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं याचं लीकचं वेड, आता मला तिथे गुलाब लावता येतील. पण मार्चमध्ये तो त्याच वाफ्यात रोपं लावायला बसला. खाली विम्याचा नवा पाइप, एक थेंब बाहेर येईल तर शपथ. सप्टेंबरात लीक आले ते माझ्या अंगठ्याएवढे. तरी त्यानं ते धुतले, पुसले आणि क्लबात नेऊन मांडले. नंबर आला शेवटून दुसरा. शेवटचा जो होता, त्याचे अर्धे लीक शेळीनं खाल्ले होते.

घरी येऊन त्यानं ते तीन लीक स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीनं ठेवले.

"हे माझे आहेत, एडना," तो म्हणाला.

मी त्यांचं सूप केलं. पाणचट झालं होतं. आम्ही पातेलं पुसून खाल्लं.