चांगुणाबाईंचं बोंडलं

"आजी, ते बोंडलं पिशवीत ठेवा बघू. सीटी स्कॅन होईपर्यंत बाळाला थेंबभरही द्यायचं नाही," सिस्टर दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा चांगुणाबाईंनी हातातलं दूध पाजायचं चांदीचं बोंडलं नाइलाजाने आत टाकलं. शेजारी सून राजश्री सात महिन्यांच्या सईला मांडीवर घेऊन बसली होती.

घणसोली गावातल्या त्यांच्या घरात सईच्या जन्मापासून एकच रीत होती. राजश्रीने दूध वाटीत काढायचं आणि सासूने ते बोंडल्याने पाजायचं. कारण पहिली मुलगी, जाई, भर दुपारी आईच्या कुशीत पिता पिता गेली होती. राजश्रीचा तेव्हा डोळा लागला होता. 'झोपेत पाजलंन, दूद शासात गेला,' असं चांगुणाबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि गावाने तेच धरलं. राजश्रीने कधी उलट उत्तर दिलं नाही. तिलाही तसंच वाटे.

जाईच्या श्वासाची घरघर मात्र घर सोडून गेली नव्हती. भांडी घासताना राजश्रीला ती ऐकू यायची, नळ बंद केला की थांबायची. मग सई झाली, आणि तीच घरघर पाळण्यातून येऊ लागली. राजश्रीची पाचावर धारण बसली.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाईंनी दोघींना संगणकाच्या पडद्यापाशी बोलावलं.

"हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमानीसारखी डाव्या बाजूने वळते. ती उजवीकडून वळली तरी कधी कधी श्वास असा वाजतो, म्हणून खात्री करायची होती. हिच्यात दोन कमानी आहेत. दोन्हींच्या मधे श्वासनळी आवळली गेलीय. डावी बारीक आहे. ऑपरेशनमध्ये ती कापून नळी मोकळी करतील."

"मॅडम, दुधामुळे होतं का हे?" राजश्रीने विचारलं.

"नाही हो. पोटात असतानाच असं बनतं."

"माझी पहिली पण असाच श्वास घ्यायची."

"तिचा स्कॅन झाला होता?"

"नाही. दम्याचं औषध चालू होतं."

"मग तिचं मी आता नाही सांगू शकत. सख्ख्या बहिणींना असं क्वचितच होतं. पण नसेलच, असंही म्हणणार नाही."

चांगुणाबाई पडद्याकडे बघत होत्या.

"मंग जाईचा फोटू कुटं हाय?"

"तो नाहीये, आजी."

बाहेर सई गुंगीतून जागी होऊन रडायला लागली. "आता पाजा, पण मान वर धरून, सावकाश," सिस्टरने सांगितलं. सवयीने राजश्रीने सासूपुढे वाटीसाठी हात केला. चांगुणाबाईंनी पिशवीत बोंडलं चाचपलं, आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

"वाटी नको. तूच घे तिला," त्या म्हणाल्या. मग पदर पसरून त्यांनी सुनेला आडोसा केला. "डोला लागला तर मी हाय."

सई पिऊ लागली. घरघर तशीच चालू होती. दोघी खाली मान घालून ती ऐकत राहिल्या.